बळाला घातलेली अट

वडोदऱ्याच्या सयाजीबागेतील संग्रहालयात एक मोठा दगड ठेवलेला आहे. गुलाम महंमद या मल्लाने, म्हणजे पुढे साऱ्या जगाला गामा या नावाने माहीत झालेल्या पहिलवानाने, २३ डिसेंबर १९०२ रोजी तो उचलला, असे त्यावर कोरलेले आहे. दगडाचे वजन बाराशे किलो सांगितले जाते. आमच्या शहरातील मराठी घरांत वाढलेल्या मुलांना हा दगड एकदा तरी दाखवला जातो, आणि दाखवणारा मोठा माणूस आवाज थोडा खाली आणून त्याची हकीकत सांगतो. २०१६ साली एडी हॉल या ब्रिटिश बलवंताने ५०० किलो वजन जमिनीवरून उचलले, तेव्हा त्याच्या नाकातून रक्त वाहू लागले होते; माणसाच्या हाडांना आणि शिरांना जे झेपते त्याची हद्द तिथेच कुठेतरी संपते. त्या डिसेंबरात तो दगड प्रत्यक्षात किती हलला, याचा निवाडा मला करायचा नाही. मला त्या हकीकतीची बांधणी महत्त्वाची वाटते. ती एका माणसाला माणसाच्या हद्दीपलीकडे नेते आणि बाकी सारे होते तसेच राहू देते. दगड तितकाच जड राहतो, पृथ्वीची ओढ तितकीच राहते, भोवती जमलेली माणसे संध्याकाळी आपापल्या घरी परततात आणि दुसऱ्या दिवशी बाजारही नेहमीच्या वेळी उघडतो.

सुपरहिरोंच्या कथांचा मूळ नियम हाच आहे, असे मी अनेक वर्षांच्या वाचनानंतर मानू लागले आहे. ‘असे झाले तर?’ या प्रश्नावर उभ्या राहणाऱ्या साहित्याच्या ज्या अनेक शाखा आहेत, त्यांतील बहुतेक शाखा जग बदलतात. विज्ञानकथा हिमयुग परत आणते, काळ मागे नेते, यंत्रांना विचार करायला लावते, आणि मग त्या बदलाची झळ सर्वांना लागते. अद्भुतरम्य कथा तर स्वतःचा भूगोल आणि स्वतःचे नियम घेऊनच येते. सुपरहिरोची कथा मात्र आपल्याच रस्त्यावर, आपल्याच भाडेकरूंच्या चाळीत आणि वर्तमानपत्राच्या कचेरीत घडते, आणि तिच्यात बदलतो तो फक्त एक माणूस. एवढा छोटा फेरफार करून ही कथा जे विचारते, ते बाकीच्या शाखा इतक्या थेटपणे विचारत नाहीत: जग जसेच्या तसे आहे, दुःखे तीच आहेत, कायदे तेच आहेत, आणि तुझ्या एकट्याच्या अंगात अचाट बळ आले आहे; आता तू काय करशील? या शाखेत प्रयोगाला लावलेली वस्तू विज्ञान नसून आचरण आहे.

म्हणूनच या कथांमधील विज्ञान कच्चे असते, या आक्षेपाने मी फारशी विचलित होत नाही. जून १९३८ ही तारीख छापलेल्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला, तेव्हा त्याच्या शक्तीचे शास्त्रीय कारण म्हणून मुंगी आणि नाकतोडा यांचे दाखले दिलेले होते: मुंगी स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट भार पेलते आणि नाकतोडा त्याच्या आकाराच्या मानाने प्रचंड उडी मारतो, मग माणूस का नाही? याचे उत्तर गॅलिलिओने १६३८ मध्येच देऊन ठेवले होते. शरीर वाढते तेव्हा वजन घनाच्या प्रमाणात वाढते आणि स्नायूंचे व हाडांचे बळ त्यांच्या छेदाच्या, म्हणजे वर्गाच्या प्रमाणात वाढते. माणसाएवढी केलेली मुंगी स्वतःच्याच पायांवर कोसळेल. पुढे लवकरच या कारणाला परग्रहाच्या जास्त गुरुत्वाकर्षणाची जोड देण्यात आली. त्यातही एक सुंदर उलटापालट दडलेली होती. एडगर राइस बरोज यांनी १९१२ मध्ये पृथ्वीवरील माणसाला मंगळावर नेऊन तेथील कमी ओढीत लांब उड्या मारायला लावले होते. म्हणजे माणूस तोच ठेवून जग बदलले होते. सुपरमॅनच्या निर्मात्यांनी, अमेरिकेतील क्लीव्हलँडमधील दोन तरुणांनी, ते सूत्र उलटवले आणि परक्या जगातला माणूस आपल्या रस्त्यावर आणून उभा केला. माझ्या मते ही शाखा नेमकी त्या क्षणी विज्ञानकथेपासून फुटून स्वतंत्र झाली.

ते दोन तरुण, जेरी सीगल आणि जो शुस्टर, दोघेही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले होते. सीगल विज्ञानकथांची स्वस्त मासिके अधाशासारखी वाचत असे, आणि शुस्टरला बलोपासनेच्या मासिकांचा नाद होता. सुपरमॅनचा पोशाख त्या मासिकांतून आणि सर्कशीतील बलवंतांच्या चड्डी-बुटांतून आलेला आहे. सीगलच्या वडिलांचे कपड्यांचे दुकान होते. १९३२ मध्ये दुकानात चोर शिरले आणि त्या प्रसंगात वडील गेले. गोळी ज्याच्या अंगावरून घरंगळून पडते असा माणूस या मुलाने का कल्पिला असेल, हे सांगायला कोणी टीकाकार लागत नाही. या दोघांनी आपल्या निर्मितीचे सारे हक्क १३० डॉलर्सना विकले, आणि पुढे दीर्घकाळ हलाखीत काढल्यावर १९७५ मध्ये त्यांना वर्षाला २०,००० डॉलर्सचे निवृत्तिवेतन आणि निर्माते म्हणून नाव परत मिळाले.

क्लीव्हलँडमध्ये शुस्टर ती मासिके चाळत होता, साधारण त्याच काळात आमच्या वडोदऱ्यात द. चिं. मुजुमदार मराठीतून ‘व्यायामज्ञानकोश’ सिद्ध करत होते. १९३६ पासून त्याचे खंड निघू लागले आणि ते दहा झाले. दंड, बैठका, मलखांब, कुस्तीचे डाव, लाठी, बोथाटी, यांची इतकी तपशीलवार मांडणी मराठीत दुसरीकडे नाही. मी त्यांतील काही खंड वडिलांच्या कपाटात पाहिले आणि पुढे मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयातही चाळले. एका बाजूला बळाचे स्वप्न रंगवणारी मुले आणि दुसऱ्या बाजूला बळाची विद्या लिहून ठेवणारे विद्वान, या दोघांमध्ये कसलाही संबंध नव्हता; पण दोघांच्याही मुळाशी एकच जागतिक लाट होती. पारतंत्र्यातील, मंदीतील, शहरी गर्दीतील माणसाला त्या काळात शरीर कमावण्यात स्वतःची किंमत पुन्हा सापडत होती.

माझे वडील तरुणपणी दांडियाबाजारातील जुम्मादादा व्यायाममंदिरात जात. त्या आखाड्याची धुरा वाहणारे प्राध्यापक माणिकराव मल्लविद्येइतकेच हाडे बसवण्याच्या विद्येसाठी प्रसिद्ध होते. सांधा निखळवणारे आणि सांधा बसवणारे हात एकाच माणसाचे असणे, ही गोष्ट मला आखाड्याच्या संस्कृतीतील सर्वांत मोठी गोष्ट वाटते. वडिलांच्या काळातला तिथला एक दंडक ते आम्हा भावंडांना वारंवार सांगत. “मातीत शिकलेला डाव रस्त्यावर काढायचा नाही,” ते म्हणत. भाऊ एकदा चिडून म्हणाला, “मग बाबा, शिकायचा तरी कशाला?” वडिलांनी शांतपणे उत्तर दिले, “रस्त्यावर काढावा लागू नये म्हणून.” त्या वयात हे उत्तर मला अपुरे वाटले होते. पुढे सुपरहिरोंच्या कथा गंभीरपणे वाचू लागल्यावर माझ्या लक्षात आले, की या शाखेतील चांगल्या कथा याच उत्तराभोवती फिरतात. सुपरहिरोला कथा बनवते ती त्याची शक्ती नव्हे. त्याने त्या शक्तीला घातलेली अट त्याला कथा बनवते. कुणाचा जीव घेणार नाही, तोंड दाखवणार नाही, मोबदला मागणार नाही, दिवसा आपली नोकरी करीन: या अटी काढून घेतल्या तर उरते ती फक्त उंच उडी.

सुरुवातीच्या सुपरमॅनला या अटी नव्हत्या, आणि ही गोष्ट आज फार थोड्यांना आठवते. पहिल्या वर्षाच्या अंकांत तो आकाशात उडतही नव्हता, केवळ मैलाच्या आठव्या हिश्श्याएवढी उडी मारत असे. पहिल्याच कथेत तो एका निरपराध बाईची फाशी थांबवतो, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवतो आणि भ्रष्ट राजकारणाच्या मागे लागतो. तिसऱ्या अंकात तो एका बेपर्वा खाणमालकाला त्याच्याच खाणीत अडकवतो, म्हणजे कामगार कशात काम करतात हे त्याला कळावे. आठव्या अंकात तर तो शहरातील गलिच्छ वस्ती स्वतःच्या हातांनी जमीनदोस्त करतो, कारण तसे झाल्याखेरीज सरकार तेथील गरिबांना नवी घरे बांधून देणार नाही, असा त्याचा हिशोब असतो. मंदीच्या काळातील दोन गरीब मुलांच्या मनातला राग त्या पानांवर उघडा आहे. तिथे शक्ती मिळालेला माणूस खरोखरच जगाला हात घालतो.

मग हे का थांबले? एक कारण व्यवसायाचे आहे. खप लाखांत गेला, प्रकाशकांना लहान मुलांच्या पालकांची आणि कायद्याची काळजी वाटू लागली, आणि संपादकांनी नायकाला शिस्तीत आणले. दुसरे कारण मला त्याहून खोल वाटते. दर महिन्याला निघणारी कथा संपू शकत नाही. आणि जग बदलले तर कथा संपते. युद्धाने हा पेच उघडा पाडला. फेब्रुवारी १९४० मध्ये ‘लुक’ या नियतकालिकाने सीगल आणि शुस्टर यांच्याकडून दोन पानांची एक चित्रकथा करून घेतली: सुपरमॅन हे युद्ध कसे थांबवील? उत्तर अगदी सोपे होते. तो हिटलर आणि स्टॅलिन यांना उचलतो आणि जिनिव्हाला राष्ट्रसंघापुढे उभे करतो. दोनच पाने पुरली. एप्रिलमध्ये जर्मन एस. एस. संघटनेच्या मुखपत्राने त्यावर सीगल यांच्या ज्यू असण्याचा उल्लेख करत गरळ ओकली, म्हणजे ती दोन पाने कुठेतरी लागली होती हे निश्चित. पण अमेरिका स्वतः युद्धात उतरल्यावर रोजच्या चित्रमालिकेपुढे खरी अडचण उभी राहिली. खरे सैनिक मरत असताना कागदावरच्या माणसाने दुपारपर्यंत युद्ध जिंकणे हा त्या सैनिकांचा अपमान झाला असता. तेव्हा १९४२ मध्ये क्लार्क केंट, म्हणजे साध्या माणसाच्या वेशातला सुपरमॅन, सैन्यात भरती व्हायला जातो, दृष्टीची परीक्षा देताना त्याची भिंतीपार पाहणारी नजर चुकून शेजारच्या खोलीतील तक्त्यावर जाते, तो तीच अक्षरे वाचून दाखवतो आणि नापास होतो.

त्या प्रसंगाकडे कोणी क्लृप्ती म्हणून पाहील. मला तो या साऱ्या साहित्यप्रकारातील अत्यंत करुण प्रसंगांपैकी एक वाटतो. जास्त दिसते म्हणून अपात्र ठरलेला माणूस! त्याला सारे दिसत असते, आणि ज्या जागी उभे राहून इतर साधे लोक लढणार आहेत, नेमकी तीच जागा त्याला नाकारली जाते. कल्पनेने स्वतःला वास्तवापुढे घातलेली ही अट आहे. पुढे शक्ती वाढतच गेली तशी कथाकारांना बाहेरून अट आणावी लागली; १९४३ मध्ये रेडिओवरील मालिकेत क्रिप्टोनाइट हा घातक खनिज-पदार्थ आला आणि १९४९ मध्ये तो कॉमिक्समध्ये उतरला. परंतु दगडाने घातलेली अट आणि मनाने घातलेली अट यांत फार अंतर आहे, आणि कथा जिथे पहिलीवर विसंबते तिथे ती मला उथळ वाटू लागते.

इटालियन विचारवंत उंबेर्तो एको यांनी १९६२ मध्ये या पेचावर बोट ठेवले होते. इतकी अफाट शक्ती असलेला हा माणूस दारिद्र्य किंवा अन्याय यांच्या मुळाशी न जाता आपल्या गावापुरता चोर-दरोडेखोरांच्या मागे धावतो. त्याला नागरिकाची जाणीव आहे, पण राजकीय जाणीव नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हे निरीक्षण अचूक आहे. पण सुपरहिरो जगाच्या मुळाला हात घालत नाही यात मला कथाकाराच्या भित्रेपणाइतकीच एक शहाणी भीतीही दिसते. एकट्या माणसाने, कुणालाही न विचारता, सगळ्यांसाठी जग दुरुस्त करायला घेतले तर त्याला आपण कोणत्या नावाने ओळखू? ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांनी १९८६-८७ मध्ये ‘वॉचमेन’ या चित्रकादंबरीत ही भीती शेवटपर्यंत नेऊन पाहिली. तिथे एकच खरा शक्तिमान पुरुष आहे आणि त्याच्यामुळे इतिहास खरोखर वळतो: अमेरिका व्हिएतनाममध्ये जिंकते, निक्सन राष्ट्राध्यक्षपदावरून हलत नाहीत, रस्त्यावर विजेच्या मोटारी धावतात, आणि जग अधिक सुरक्षित होण्याऐवजी विनाशाच्या अधिक जवळ जाते.

या साहित्यप्रकारावरील सर्वांत गंभीर आरोपही याच ठिकाणचा आहे. फ्रेडरिक वर्थॅम या मनोविकारतज्ज्ञाने १९५४ मध्ये कॉमिक्सविरुद्ध रान उठवले आणि त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर निर्बंधसंहिता लादून घेतली. वर्थॅम यांच्या पुराव्यांतील अनेक गोष्टी पुढील संशोधकांनी खोडून काढल्या आहेत, पण मुखवटा घालून न्याय करणारा माणूस मुलांना कायद्यापेक्षा मुठीवर विश्वास ठेवायला शिकवतो, ही त्यांची चिंता मी सहज बाजूला सारू शकत नाही. ज्या शहराने संचारबंदीचे दिवस पाहिले आहेत, त्या शहरात राहणाऱ्या माणसाला, तोंड बांधून रस्त्यावर उतरलेला आणि स्वतःला न्यायाधीश समजणारा घोळका कसा दिसतो हे ठाऊक असते. त्या घोळक्यातील प्रत्येकाला आपण नायकच आहोत असे वाटत असते.

अशा वेळी मला गामांची दुसरी हकीकत आठवते. ती कुठल्याही शिळेवर कोरलेली नाही. फाळणीच्या वेळी ते लाहोरमध्ये राहत होते आणि सत्तरीला टेकलेले होते. मोहल्ल्यातील हिंदू कुटुंबांवर जमाव चालून येऊ लागला, तेव्हा हा म्हातारा मल्ल आपल्या पठ्ठ्यांसह गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. या हकीकतीत बाराशे किलोचे काही नाही. तिच्यातील माणूस आपल्याच बाजूच्या लोकांसमोर उभा आहे, त्याचे तोंड उघडे आहे, त्याचे नाव सर्वांना माहीत आहे, आणि दुसऱ्या दिवशी त्याला त्याच गल्लीत राहायचे आहे. मुखवट्याच्या कथांनी जे शिकवायला हवे ते या हकीकतीत आहे, आणि ज्या सुपरहिरोकथा मला मनापासून आवडतात त्या हिच्याशी नाते सांगतात.

आमच्या पिढीला या कथा कोठून मिळाल्या, हे थोडक्यात सांगते. १९६४ मध्ये सुरू झालेली इंद्रजाल कॉमिक्स मराठीतही निघत, आणि ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्माण केलेला वेताळ, म्हणजे इंग्रजीतला ‘फँटम’, आमच्या घरी दादाच्या गादीखाली सापडत असे. वेताळाच्या अंगात कसलीही दैवी शक्ती नाही. तो त्या नावाचा एकविसावा माणूस आहे. बापाकडून मुलाकडे पोशाख आणि शपथ जाते, आणि लोक मात्र चारशे वर्षे तोच एक माणूस जिवंत आहे असे मानतात. त्याचे बळ लोकांच्या विश्वासात साठवलेले आहे, आणि तो विश्वास मोडू न देणे ही त्याची अट आहे. परक्या गोऱ्या माणसाने आफ्रिकी वाटणाऱ्या जंगलात राजासारखे राहावे, ही त्या कथेतील वसाहतवादी खोट आज डोळ्यांत खुपते आणि ती खुपायलाच हवी. पण वारशाने आलेल्या कर्तव्याची ती कल्पना मराठी घरात वाढलेल्या मुलीला परकी वाटली नाही.

त्यानंतर हिंदीतून राज कॉमिक्सचा पूर आला. १९८६ मध्ये नागराज आला आणि त्याचे सुरुवातीचे अंक पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी चितारले होते. अमर चित्रकथांमधून ज्यांची रेषा आम्ही ओळखत होतो, त्यांचीच रेषा तिथे भेटली. नागराजाची मूळ कथा या शाखेच्या तत्त्वाशी फार नेमकी जुळते. त्याला घडवलेच जाते दहशतवाद्यांना विकायचे शस्त्र म्हणून, आणि गोरखनाथ त्याच्या डोक्यातील नियंत्रण काढून टाकतात तेव्हा तो माणूस होतो. शस्त्र असण्यातून सुटून स्वतःची अट स्वतः ठरवणे, हाच तिथे जन्म आहे. १९८७ मध्ये आलेला सुपर कमांडो ध्रुव मला अधिक जवळचा होता. सर्कशीत वाढलेला, मुखवटा नसलेला, शक्ती नसलेला मुलगा, जो रसायनशास्त्र आणि प्रसंगावधान यांवर जगतो. १९९७ पासून दूरदर्शनवर शक्तिमान आला, तेव्हा मी मोठी झाले होते, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी मुलांना दिला जाणारा उपदेश मला कथेच्या गळ्यात बांधलेल्या ओझ्यासारखा वाटे.

मराठीत स्वतःचा असा सुपरहिरो का रुजला नाही, हा प्रश्न मला नेहमी पडतो. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड त्या उंबरठ्यापर्यंत आले होते, पण ते रहस्यकथेच्याच दारात थांबले. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा साधा मुलगा राहिला, आणि तो तसा राहिला म्हणूनच आम्हाला प्रिय झाला. आमची विज्ञानकथा डॉ. जयंत नारळीकरांसारख्या वैज्ञानिकांच्या आणि विज्ञानप्रसाराला वाहून घेतलेल्या लेखकांच्या हातून वाढली. तिच्यावर वाचकाला खरे विज्ञान सांगण्याची जबाबदारी होती, आणि मुंगीचा दाखला देऊन माणसाला इमारतीवरून उडवणे तिला परवडणारे नव्हते. त्या शिस्तीने मराठीला पुष्कळ दिले. पण आचरणाचा प्रयोग करणारी ही दुसरी शाखा मात्र आपल्याकडे मोकळी राहून गेली, याची मला हळहळ वाटते.

यावर लगेच कोणीतरी म्हणते की आपल्याला सुपरहिरोंची गरजच काय, आपल्याकडे हनुमान आणि भीम आहेत. हे मला पटत नाही. त्यांचे बळ विश्वाच्या व्यवस्थेत बसवलेले आहे, त्यांच्या जगात देव, शाप आणि वर हे रोजचे व्यवहार आहेत, आणि त्यांना पाहून कोणी “हे कसे शक्य आहे?” असे विचारत नाही. पुराणांत या शाखेला खरोखर जवळचे दोघेच मला दिसतात. एक भस्मासुर, कारण त्याच्या कथेत शक्तीला अट नाही आणि त्या अभावातूनच त्याचा हात त्याच्या डोक्यावर जातो. दुसरा कर्ण. पेटीतून नदीत सोडलेले बाळ, जन्मजात कवच, परक्या घरी साधेपणाने वाढणे, खरी ओळख झाकलेली: सीगल आणि शुस्टर यांना त्याची कथा माहीत असण्याचे काही कारण नव्हते, पण सुपरमॅनच्या जन्मकथेचा सांगाडा तोच आहे. फरक इतकाच, आणि तो फार मोठा आहे, की कर्ण आपले कवच कापून देऊ शकतो. सुपरहिरोला आपली शक्ती दान करता येत नाही. ती त्याला आयुष्यभर, रोज सकाळी उठून, वापरावी किंवा आवरावी लागते.

माझ्या भावाची मुलगी सध्या एक चित्रकथा काढत आहे, आणि तिच्याशी बोलताना मला हे सगळे पुन्हा नव्याने विचारात घ्यावे लागत आहे. तिची कथा आमच्याच शहरात घडते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री धोक्याची पातळी ओलांडून शहरात शिरली, तेव्हा सोसायट्यांचे तळमजले बुडाले, नदीतील मगरी रस्त्यांवर आणि अंगणांत आल्या, आणि दुधाच्या पिशव्या नावेतून पोचवाव्या लागल्या. तिच्या नायिकेला पाणी ढकलता येते. पहिल्या आराखड्यात ती नायिका काळा घोडा चौकाजवळच्या पुलावर उभी राहते आणि दोन्ही हातांनी पूर मागे लोटते. तीन पाने काढून झाल्यावर ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “आत्या, पण हे पाणी ढकलायचे कुठे?”

आम्ही नकाशा काढून बसलो. पावागडच्या डोंगरातून निघणारी विश्वामित्री, वरच्या बाजूला सयाजीरावांच्या काळात बांधलेला आजवा तलाव, खाली धाढर नदी आणि मग खंभातचे आखात. वर ढकलले तर तलावाच्या बांधावर भार येतो; खाली ढकलले तर शेतांत आणि गावांत जाते; बाजूला ढकलले तर ती दुसऱ्या कुणाची तरी सोसायटी असते. जग न बदलता एकाच माणसाला बळ दिले की काय होते, हे तिला कोणत्याही सिद्धान्ताशिवाय कळले. तिने ती तीन पाने बाजूला ठेवली. आता तिची नायिका पाणी फक्त एक रात्र धरून ठेवते, खालच्या गावांतील माणसे आणि गुरे उंचावर जाईपर्यंत, आणि त्यानंतर महिनाभर तिचे हात चालत नाहीत.

मुखवट्यावरून मात्र आमचा वाद मिटलेला नाही. तो हवाच, असा तिचा आग्रह आहे. “नाव कळले तर ज्यांना तिचा पत्ता माहीत आहे ते आधी येतील, आणि खालच्या गावातल्यांना तर पत्ताच माहीत नसणार,” असे तिचे म्हणणे. मी तिला म्हटले की मुखवटा घातलेल्या माणसाला खालच्या गावातल्यांनी जाब तरी कसा विचारायचा? तिने ते नीट ऐकून घेतले, उत्तर दिले नाही, आणि पुढच्या पानावर धाढरकाठच्या गावातील एक मुलगी काढली, जी पूर ओसरल्यावर बसने शहरात येते आणि दुकानादुकानांत चौकशी करत त्या मुखवट्यामागच्या मुलीचे घर शोधू लागते.